टाळूचं स्क्रब: आठ महिने वापरून, पाण्याच्या बादल्या मोजून

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब लिहिते. सोयाबीनची आवक सुरू झाली की संध्याकाळी केसांत हात घातला तर बोटांना फोलपट लागतं. स्कार्फ कितीही घट्ट बांधा, धूळ आत जातेच. त्यात घरी बोअरचं पाणी. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा आला तरी नशीब, म्हणून नळाचं पाणी प्यायला आणि अंघोळ बोअरवर. त्या पाण्यानं तोटीला पांढरी पुटं चढतात, गिझरची कॉईल गंजून जाते. डोक्याची काय गत होत असेल ते तुम्हीच समजा.

तर खाज होती, नखात चिकट मळ यायचा आणि काळ्या ब्लाउजवर कोंडा. दिवाळी झाल्यावर मोबाईलवर टाळूच्या स्क्रबची जाहिरात बघितली आणि पाचशे रुपयांची डबी मागवली. त्याला एक्सफोलिएशन म्हणतात. अर्थ साधा आहे: कातडीवर साठलेला मेलेला थर काढणं. कातडी दर चार-पाच आठवड्यांनी स्वतःच नवी होत असते, पण तेल, घाम आणि धूळ यांच्यात जुना थर चिकटून राहतो.

डबीत अक्रोडाच्या टरफलाचा भुगा होता. चोळताना इतकं बरं वाटलं की काय सांगू, महिनाभराची खाज एका मिनिटात वसूल. पुढं डोकं धुवायला घेतलं. माझे केस कमरेपर्यंत. एरवी दोन बादल्यांत न्हाणं होतं, त्या दिवशी चार लागल्या, आणि तरी दोन दिवस उशीवर कण सापडत होते. न्हाणीची जाळी तुंबली ती वेगळीच. 2016 मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात डोक्यातला भुगा काढायला चार बादल्या ओतायच्या? सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, पोतं झाडल्यागत डोकं काय झाडायलीस?"

दुसरी अडचण हळूहळू कळली. टरफलाचे कण कितीही बारीक असले तरी त्यांना धार असते. तिसऱ्या वेळी शांपू लावला तर भांगात चरचरलं. लहानपणी आजी तेल थापून लाकडी फणीनं आमचा कोंडा खरवडायची आणि आम्ही ओरडायचो. पाचशे रुपये देऊन मी तीच फणी विकत घेतली होती, फरक इतकाच की फणी धुवायला पाणी लागत नाही.

जानेवारीत, तुरीची आवक जोरात असताना, पातळ द्रव घेतला. 2 टक्के सॅलिसिलिक अॅसिडचा, बाटलीला टोकदार नळी. हे अॅसिड तेलात मिसळतं, म्हणून तेलकट थरात शिरतं आणि खवल्यांना धरून ठेवणारी वीण सैल करतं. घासायचं कामच नाही. कोरड्या डोक्यावर भांग पाडत पाडत थेंब सोडायचे, बोटांच्या पेरांनी पसरवायचं (नखं लावायची नाहीत), दहा मिनिटं थांबायचं आणि मग नेहमीसारखा शांपू. तेल लावलेल्या डोक्यावर हे करू नका. मी एकदा केलं, बाटली वाया. पाणी नेहमीएवढंच, दोन बादल्या. खरं तर याच एका गोष्टीमुळं मी हे सोडलं नाही.

तिसऱ्या वेळेपासून फरक दिसला. नखातला मळ गेला, डोकं हलकं वाटायला लागलं. खाज निम्म्यावर आली, पण कोंडा पूर्ण गेला नाही.

एप्रिलमध्ये मात्र मी हावरटपणा केला. उन्हाळ्यात घाम जास्त येतो म्हणून पंधरा दिवसांऐवजी आठवड्यातून दोनदा लावायला लागले. पारा बेचाळीसला, दुपारी यार्डात घाम आला की डोकं पेटल्यागत व्हायचं. कानामागं लाल चट्टे उठले. शेवटी चामडीच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी आधी सगळं बंद करायला लावलं. मग समजावून सांगितलं की कोंड्यामागं मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि तिथल्या तेलावर जगते. अॅसिडनं खवले निघतात, बुरशी राहते. त्यासाठी 2 टक्के किटोकोनाझोलचा शांपू दिला, लावून पाच मिनिटं ठेवायचा. आणि कोंडा असताना रात्रभर तेल थापून झोपणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं. खोबरेलाबद्दल आमच्या घरात वाईट बोलत नाहीत.

सासूबाईंचंही थोडं बरोबर होतं म्हणा. त्या पूर्वी शिकेकाई कुटून न्हायच्या, तेव्हा त्यांचं डोकं चिकट होत नव्हतं. मधे शिकेकाई म्हणून साबणाची वडी घरात आली आणि चिकटा सुरू झाला. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिळाला की न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच केसांच्या मुळाशी बसतो. कुटलेल्या शिकेकाईचा फेस साबणाचा नसतो, तिचं असं होत नाही. शांपूचंही फारसं होत नाही. आमच्या घरात निम्मा ‘कोंडा’ हा वडीचा चोथा होता असं आता मला वाटतं, कारण वडी बंद केल्यावर सासूबाईंची खाज काहीही न लावता कमी झाली.

सध्या पंधरा दिवसांतून एकदा द्रव, कानामागं नाही, आणि त्याच आठवड्यात केसांना मेंदी नाही. डोक्यावर जखम, चट्टे किंवा सोरायसिस असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. केस वाढतात असं बाटलीवर लिहिलंय, त्याला मी एक पैसाही देणार नाही. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढायचे, तेवढेच वाढतायत. पहिल्या वेळी हातात बरेच केस आले म्हणून घाबरले होते, पण ते आधीच सुटून चिकट्यात अडकलेले होते. दिवसाला पन्नास ते शंभर केस तसेही गळतातच.

बाटली साडेसहाशेला पडली, सहा महिने झाले तरी तळाला थोडी आहे. पुढची सोयाबीन यायच्या आत दुसरी घेईन. अक्रोडाची डबी न्हाणीतच होती. सासूबाई तिनं टाचा घासतात आणि म्हणतात, "हे मातर चांगलं आणलंस."