चॅटबॉटकडून येणारे वाचक मोजताना : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सह्याद्रीतल्या गडवाटांची माहिती देणारी आमची मराठी साइट आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एका वाचकाचा मेल आला : चॅटजीपीटीने तुमची लिंक दिली म्हणून आलो, हरिश्चंद्रगडाला जूनमध्ये नळीच्या वाटेने जाता येईल का? नळीची वाट म्हणजे बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने चढणारी दगडधोंड्यांची घळ. पावसात तिचा ओढा होतो आणि वरून दगड सुटतात. मेल वाचून पोटात गोळा आला. हा माणूस निदान विचारायला आला, पण न विचारता निघणारे किती असतील? तेव्हापासून मोजतोय. साधनं दोनच, गूगल ॲनॅलिटिक्स ४ (साइटवर किती वाचक कुठून आले ते मोजणारं) आणि सर्व्हरचे लॉग (सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद). दोन्हींना वेगळा खर्च नाही.

ॲनॅलिटिक्समध्ये स्वतःचा चॅनेल ग्रुप, म्हणजे वाचक कुठून आले याची आपली वर्गवारी, बनवता येतो. त्यात ‘एआय चॅटबॉट’ नावाचं चॅनेल काढलं आणि सोर्समध्ये चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड यांचे पत्ते रेजेक्सने (अक्षरांचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राने) दिले. हे चॅनेल यादीत ‘रेफरल’च्या (दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेले) वर ठेवावं लागतं. नियम वरून खाली तपासले जातात, त्यामुळे खाली ठेवलं तर सगळं आधीच रेफरलमध्ये जमा होतं. चांगली गोष्ट अशी की हा ग्रुप मागच्या आकड्यांनाही लागू होतो.

पहिल्या रेजेक्समध्ये माझी चूक झाली. पत्ते एकेक लिहिण्याऐवजी मी ‘ए’ आणि ‘आय’ ही दोन इंग्रजी अक्षरं जिथे शेजारी दिसतील ते सगळं घ्या, असं सांगून टाकलं होतं. इंग्रजी ‘मेल’मध्येही तीच दोन अक्षरं शेजारी असतात. आमचं पत्रक मेलमधून उघडणारे सगळे वाचक तीन आठवडे चॅटबॉटच्या खात्यात जमा होत होते. आता पूर्ण डोमेन लिहितो. नवीन कुणी सुरुवात करणार असेल तर पहिल्याच दिवशी चॅनेलच्या आतली सोर्सची यादी उघडून डोळ्यांनी वाचावी.

चॅटजीपीटीचं एक वेगळं आहे. त्याच्या बऱ्याच लिंकांना शेवटी स्वतःच्या नावाचं यूटीएम सोर्स (वाचक कुठून आला हे सांगणारी पत्त्यातली खूण) जोडलेलं असतं, पण मीडियम (कोणत्या प्रकारच्या मार्गाने आला ते) नसतं. म्हणून तोच स्रोत दोन ओळींत दिसतो, एकीकडे ‘रेफरल’ आणि दुसरीकडे ‘नॉट सेट’. दुसरी ओळ मूळच्या ग्रुपमध्ये ‘अनअसाइन्ड’मध्ये, म्हणजे कुठल्याच वर्गात न बसलेल्यांत, पडून राहते. फक्त रेफरल रिपोर्ट बघणाऱ्याला हे वाचक दिसतच नाहीत.

एवढं करूनही आकडा अपुराच, हे स्वच्छ सांगतो. मोबाइल ॲपमधून उघडलेली लिंक पुष्कळदा कुठून आली हे सांगत नाही आणि ‘डायरेक्ट’मध्ये जाते. आमच्याकडे ट्रेकचे बेत व्हॉट्सॲपवर ठरतात, त्या लिंकाही डायरेक्टमध्येच पडतात. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून शेअरच्या बटणाला यूटीएम लावलं. त्याने थोडं निवळलं, पण कुणी पत्ता कॉपी करून पाठवला की पुन्हा तेच. गूगलच्या शोधात वर येणाऱ्या एआय उत्तरांतून आलेले क्लिक तर साध्या सर्चमध्येच मोजले जातात. शोधातले क्लिक दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्येही त्यांची वेगळी वाटणी मिळत नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो ‘पान सापडले नाही’चा रिपोर्ट. चॅटबॉट कधीकधी नसलेला पत्ता रचून देतात, आणि तो अगदी आमच्याच पद्धतीचा दिसतो. या चॅनेलमधून चुकीच्या पत्त्यावर आलेले वाचक वेगळे काढले, तेव्हा टोलार खिंडीच्या वाटेचं एक पान लोक पुन्हापुन्हा मागताना दिसले. आमच्याकडे ते पान नव्हतं. खिरेश्वरहून चढून ती वाट नव्याने लिहिली आणि त्याच पत्त्यावर टाकली.

पण खरा उलगडा लॉगमध्ये झाला. ॲनॅलिटिक्स जावास्क्रिप्टवर (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडवर) चालतं आणि चॅटबॉटसाठी पानं वाचून नेणारे बॉट सहसा ती चालवत नाहीत, म्हणून त्यांची ये-जा तिथे दिसत नाही. लॉगमध्ये दिसते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या बॉटांची तीन नावं वेगळी ओळखायला हवीत : ‘जीपीटीबॉट’ मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर नेतो, ‘ओएआय-सर्चबॉट’ शोधासाठी, आणि ‘चॅटजीपीटी-यूजर’ म्हणजे कुणीतरी माणसाने प्रश्न विचारल्यामुळे त्या क्षणी आलेली मागणी. माझं लक्ष तिसऱ्यावर असतं. कुणीही हे नाव लावून येऊ शकतं, त्यामुळे ओपनएआयने जाहीर केलेल्या आयपी पत्त्यांशी ताडून पाहतो.

आमचं होस्टिंग एकाच दिवसाचे लॉग ठेवायचं. हे कळेपर्यंत पहिला महिना वाया गेला. आता रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमने) ते उतरवून घेतो. ॲनॅलिटिक्सच्या एक्स्प्लोरेशनमधली (आपण स्वतः जुळवलेल्या रिपोर्टांतली) माहितीही मुळात 2 महिनेच राहते. सेटिंगमध्ये ती 14 महिन्यांपर्यंत वाढवता येते. ते पहिल्या दिवशी करा, उडालेली माहिती परत येत नाही.

मध्यंतरी पैसे भरून एक साधनही दोन महिने वापरलं. ते आपणच चॅटबॉटला प्रश्न विचारतं आणि तुमचं नाव किती वेळा येतं ते सांगतं. प्रश्न सगळे इंग्रजी. आमचा वाचक ‘पाचनईहून गडावर जायला किती वेळ लागतो’ असं विचारतो (पाचनई हे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव). बंद केलं.

लॉग आणि ॲनॅलिटिक्स शेजारी ठेवले की दिसतं : नळीच्या वाटेचं पान चॅटजीपीटीने माणसांसाठी जितक्या वेळा उघडलं, त्याच्या तुलनेत तिथून आलेले वाचक अगदी थोडे. बाकीच्यांनी उत्तर तिथेच वाचलं असणार. आणि आमचा पावसाळ्याचा इशारा पानाच्या अगदी शेवटी होता, फोटोंच्या खाली, तोही एका चित्रात लिहिलेला. वर्षानुवर्षं तो तिथेच होता आणि आम्हाला त्यात काही खटकलं नव्हतं. चित्रातला मजकूर बॉटला कितपत मिळत असेल?

इशारा उचलून पहिल्या परिच्छेदात आणला. साध्या वाक्यांत, महिन्यांच्या नावांसह : जून ते सप्टेंबर ही वाट करू नये, पाचनईने जावे. तसंच बाकीच्या अवघड वाटांच्या पानांवर केलं. आठवड्याभराने मोबाइलवर तोच मेलमधला प्रश्न मराठीत विचारून पाहिला. उत्तराच्या दुसऱ्याच वाक्यात इशारा होता. लॉगमध्ये त्या मिनिटाला त्या पानाची एक मागणी दिसली. ॲनॅलिटिक्समध्ये तेव्हा एकही वाचक नव्हता.