सुताराकडून करून घेतलेले १३२ ठोकळे: बालवाडीतल्या नऊ महिन्यांनंतर

जूनमध्ये आमच्या बालवाडीत लाकडी ठोकळे आले. आता मार्च संपत आलाय. मुलं चोवीस, वय तीन ते साडेपाच, खोली एक, आणि शिकवायला मी आणि एक मदतनीस मावशी. "बाई, ते ठोकळे कुठून आणले, उपयोग होतो का?" असं आजूबाजूच्या तिघी-चौघींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी थोडं मागचं. गेल्या वर्षी ऑनलाइन एक रंगीत संच मागवला होता. फोटोत भरघोस दिसत होता, खोक्यातून निघाले काडेपेटीएवढे तुकडे. ओल्या हाताने धरले की तांबडा रंग बोटांना लागायचा. त्याहून वाईट म्हणजे एकाच आकाराचे दोन तुकडे शेजारी ठेवले तरी उंची जुळायची नाही. चौथ्या थराला मनोरा कलायचा, आणि मुलाला वाटायचं चूक आपलीच. तो संच आता वरच्या फळीवर पडून आहे.

म्हणून या वेळी गावातल्याच सुतारदादांना गाठलं. मापं माझ्या मनाची नाहीत. न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने १९१३च्या सुमारास असे ठोकळे तयार केले. मूळ विटेची लांबी साडेपाच इंच, रुंदी तिच्या निम्मी, जाडी रुंदीच्या निम्मी. आपल्या मापात १४, ७ आणि साडेतीन सेंटिमीटर. बाकी सगळे आकार या एका विटेच्या पटीत नाहीतर भागात. प्रॅटबाईंनी त्याचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे सुताराला कागदावर मापं काढून दिली तरी कुणाचं काही चोरल्यासारखं होत नाही. त्याच्या कितीतरी आधी जर्मनीत किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रोबेलनेही ठोकळे दिले होते, पण ते मुठीत मावणारे, टेबलावर मांडायचे. हे जमिनीवर बसून, उठून, वाकून, गरज पडली तर पोटावर झोपून मांडायचे.

आमचा हिशोब असा: विटा ४०, अर्ध्या २४, दुप्पट लांबीच्या २४, चौपट लांबीच्या ८, उभ्या चिरलेल्या बारीक १६, त्रिकोणी १२ आणि अर्धगोल ८. मुलांनी आठवड्याभरात सगळ्यांचं बारसं केलं. दुपटीची लांबडी, चौपटीची फळी, बारीक तो खांब, त्रिकोण म्हणजे समोसा आणि अर्धगोल म्हणजे करंजी. मीही आता तेच म्हणते. शिवणीचं लाकूड आणि मजुरी धरून ८,६०० रुपये पडले. एवढे पैसे एका खेळण्यात घालायचे म्हणताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू.

पहिली खेप परत पाठवावी लागली. दोन अर्ध्या जोडल्या तर एका विटेएवढ्या होईनात, थोड्या आखूड पडायच्या. दादांना दाखवलं. त्यांनी दोन्ही हातात घेतल्या, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "बाई, करवत खाती की तेवढं. ते मी धरलंच न्हाई." म्हणजे विटेचे बरोबर मधोमध दोन तुकडे केले तर पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुशात जातं. अर्ध्या वेगळ्या मापून कापाव्या लागतात. तुम्ही करून घेणार असाल तर ही एक गोष्ट सुताराला आधीच सांगा, बाकी काही विसरलात तरी चालेल. या ठोकळ्यांतलं सगळं गणित "दोन अर्ध्या म्हणजे एक" यावर उभं आहे. तेच जुळलं नाही तर माझ्या वरच्या फळीवर आणखी एक खोकं वाढलं असतं.

आता वापराचं. पहिला दीड महिना मी चुकीचं वागले, ते आधी सांगते. मुलं मांडायला बसली की मी शेजारी जाऊन सुरू व्हायचे: हा कुठला आकार? किती झाले? मोज बघू! मोठा कुठला? मूल हातातला ठोकळा खाली ठेवून उत्तर द्यायचं आणि मग काय करत होतं तेच विसरायचं. एकदा मी स्वतः मधे बसून छान घर करून दाखवलं. पुढचे चार दिवस सगळ्यांची घरं तशीच, दार त्याच बाजूला. मांडायला वेळ दिला होता फक्त पंधरा मिनिटं. सगळं काढून होईपर्यंत "चला, आवरा" म्हणायची वेळ व्हायची.

जुलैअखेर वेळ वाढवून पाऊण तास केला आणि माझं तोंड बंद ठेवायचं ठरवलं. दुसरं जास्त अवघड गेलं.

ऑगस्टमधला एक प्रसंग सांगते, म्हणजे काय म्हणायचंय ते कळेल. पावणेचार वर्षांची एक मुलगी. तिने दोन विटा उभ्या केल्या, मधे साधारण वीतभर अंतर. वर आडवी एक वीट ठेवायला गेली, ती मधल्यामधे पडली. तीच उचलून उलटी करून ठेवली. पडली. मग रॅकवरून दुसरी आणली, त्याच मापाची. तीही पडली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर होतं, "अगं, लांबडी घे ना." मी हात मांडीखाली दाबून बसले. ती परत विटांकडे वळली, बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि एका उभ्या विटेला तळहाताने हळूच ढकललं. थोडं अजून. मग वर वीट ठेवली. राहिली. "पुरली," एवढंच म्हणाली, तेही माझ्याशी नाही. दुसऱ्या दिवशी येताच तिने लांबडी आणली आणि उभ्या विटा मुद्दाम लांब लांब सरकवल्या. अंतर आणि लांबी यांचा संबंध मी फळ्यावर कसा शिकवला असता, मला खरंच सुचत नाही.

आता मी काही बोलले तर जे दिसतं तेवढंच बोलते. "दोन्ही बाजूंना सारख्या लावल्यास की." बहुतेक वेळा मूल पुढचं आपणहून सांगतं. आणि प्रश्न विचारायचाच तर ज्याचं उत्तर मला माहीत नाही असाच विचारायचा. असे प्रश्न किती कमी येतात आपल्याला, ते मला या वर्षी कळलं.

नऊ महिन्यांत खेळ बदलत गेला तो असा. सुरुवातीला बरीच मुलं नुसती वाहायची. फ्रॉकच्या ओच्यात भरून इकडून तिकडे, आणि परत. मला वाटलं, गेले आपले पैसे. मग एकावर एक आणि एकामागे एक. मग पूल. मग चारी बाजूंनी बंद: गोठा, विहीर, तुरुंग. नावं देऊन गोष्टी रचणं दिवाळीच्या आसपास. मोठी मुलं सगळं लवकर करतात, नवीन आलेलं मूल पाच वर्षांचं असलं तरी दोन-चार दिवस वाहूनच सुरुवात करतं. हे होऊ द्यावं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला तसा ऊस आमच्या खोलीतही आला. फळीवर खांब रचून ट्रॉली, पुढे करंजीचा ट्रॅक्टर, आणि अर्धीवर तोलून धरलेली दुसरी फळी म्हणजे वजनकाटा. काट्यापाशी उभं राहून एकजण मोठ्या माणसासारखा ओरडला, "आमचा काटा मारलाय!" मावशींना हसू आवरेना. पण तो काटा खरोखर वरखाली होत होता, आणि फळी सपाट राहायला दोन्हीकडे काय ठेवावं लागतं यावर तीन मुलांची अर्धा तास वादावादी चालली. एका बाजूला दोन अर्ध्या, दुसरीकडे एक वीट. जमलं. मग एकाने वीट फळीच्या टोकाकडे सरकवली आणि बिघडवलं. मुद्दाम.

त्याच हंगामात ऊसतोडीच्या टोळीतली दोन भावंडं आमच्याकडे येऊ लागली. आठवडाभर कोपऱ्यात बसून बघत होती. मग थोरल्याने चार फळ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, टोकाला समोसे लावले. आमची मुलं म्हणाली, तंबू. तो म्हणाला, "कोपी हाय." कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची झोपडी. आत एक अर्धी ठेवली, ती चूल. या वयात त्या पोराला मराठीतली सगळी अक्षरं येत होती का? नाही. पण दोन फळ्या कुठल्या कोनात टेकवल्या की घसरत नाहीत हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ती गावाकडे गेली. कोपी मात्र अजून होते. आता आमचीच मुलं बांधतात आणि तिला कोपीच म्हणतात.

तक्रारी आहेत. आवाज ही सगळ्यात मोठी. शाहाबादी फरशीवर मनोरा कोसळला की शेजारच्या आजींची दुपारची झोप जाते. सतरंजी घातली तर मऊ पडते, काही उभं राहत नाही. शेवटी गोठ्यात घालतात ती रबरी मॅट आणली, सपाट बाजू वर करून. दोन मॅटमध्ये पाच-सहा मुलं आरामात बसतात. त्याहून जास्त मुलं एकावेळी बसवू नका. सगळ्या चोवीस जणांना एकदम सोडायचा प्रयोग मी एकदा केला, एकदाच.

पावसाळ्यात सात-आठ ठोकळ्यांवर पांढरी बुरशी आली. कोरड्या फडक्याने पुसून, दोन दिवस उन्हात ठेवून गेली. सुरुवातीला मी खोबरेल लावलं होतं, त्याला महिन्याभरात खवट वास आला. आता जवसाचं तेल, अगदी पातळ हात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मुलांना द्यायचे नाहीत. कडा पॉलिश पेपरने गोल करून घ्या. १ जानेवारी २०२१पासून बाजारातल्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. सुताराच्या ठोकळ्यांवर ती नसते, तेव्हा कुसळं, खिळे, चिरा हे आपलं आपण तपासायचं. मी दर शनिवारी हात फिरवते.

फळ्या आठच आणि हव्या सगळ्यांना, त्यामुळे भांडणं होतात. मी मधे पडायचे. मग एकदा ऐकलं, एकजण म्हणत होता, "दोन लांबड्या दे, मग फळी देतो." दुसऱ्याने दोन लांबड्या जोडून फळीच्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि मगच सौदा केला. तेव्हापासून मारामारी होईपर्यंत मी उठत नाही. तरी पुन्हा करून घेतले तर फळ्या बारा करेन.

आवरणं हा वेगळाच धडा निघाला. रॅकच्या प्रत्येक कप्प्यात त्या त्या ठोकळ्याचा आकार काळ्या कागदाचा कापून चिकटवलाय. मुलं त्याला "दुकान लावायचं" म्हणतात. लांबडी विटेच्या जागी बसत नाही, बाहेर येते, म्हणजे जागा चुकली. सांगायला मी लागत नाही.

पालकांचं काय, असं सगळ्याच विचारतात. सप्टेंबरच्या सभेत एक वडील स्पष्टच म्हणाले, "नुसतं खेळायचं असेल तर घरी काय वाईट?" मी त्यांना नव्या शैक्षणिक धोरणाचं सांगितलं, तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय वगैरे. ते काही पटलेले दिसले नाहीत. मग पुढच्या सभेला भाषण केलंच नाही, पालकांनाच मॅटवर बसवलं आणि सांगितलं, तीन फूट रुंद दरवाजा करा, वर सगळ्यात लांब म्हणजे छप्पन सेंटिमीटरची फळी आहे. वीस मिनिटं कुणी मान वर केली नाही. दोन्हीकडून थोडं थोडं पुढे सरकवत, मागे वजन ठेवत एका आईने जमवलं. ते वडील मात्र शेवटपर्यंत पाडत राहिले आणि जाताना हसत होते.

पण ठोकळ्यांनी अक्षर सुधारतं, मूल हुशार होतं असं काही मी सांगणार नाही. मला तसं दाखवता येणार नाही. वाचायला यायला गोष्टी, गाणी, गप्पा लागतात, त्या आम्ही वेगळ्या करतो. महिन्याभरात वहीत काहीतरी दिसायला हवं असेल तर हे पैसे घालू नका. दोन वर्षांखालच्या मुलांनाही नको, शिवणीचं लाकूड हलकं असलं तरी फळी पायावर पडली की लागते.

आणि ८,६०० नसतील तर? १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७पासून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम केलेल्या दोघींनी आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिकायचं साहित्य केलं. हे मी कोर्सला पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही बरे पडले होते. स्वतःच्या बालवाडीत मात्र पहिल्यांदा ऑनलाइन खोकं मागवलं. सुताराकडे पडलेले उरलेले तुकडे मागून आणले, घासले आणि दोन-तीन मापांचेच पण बिनचूक कापून घेतले तरी सुरुवात होते. नुसत्या विटा आणि अर्ध्या घ्या.

काल मोजले तर १२९ भरले. एक करंजी फुटली, एक खांब बहुतेक पावसाळ्यात गटारात गेला. तिसरी हरवली होती ती एक अर्धी, ती परवा सापडली. एका मुलीच्या घरी तिची आजी आजारी म्हणून बघायला गेले होते, तर लोखंडी कपाटाच्या पुढच्या पायाखाली ती बसलेली, अगदी मापात. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी कपाटाकडे. चहा घेतला आणि आले. सुतारदादांना एक अर्धी जास्तीची सांगितली आहे.