प्रॅक्टिस पॅड रिव्ह्यू: सहा वर्षं ताशा वाजवला आणि डावा हात कच्चा आहे ते या रबरानं सांगितलं

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणारे. नुसतं "मस्त आहे, घ्या" लिहिलं तर कोणाला काय कळणार.

वस्तू म्हणजे बारा इंची रबरी प्रॅक्टिस पॅड, घरी ड्रमऐवजी स्टिक्सनं सराव करायला, दोन्ही बाजूंनी वाजवता येतो तसला. एका बाजूला मऊ रबर, दुसऱ्या बाजूला कडक काळं रबर, मधे लाकडी फळी. पुण्यातच दुकानातून घेतला, साडेसोळाशेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे एक तक्रार पण आहे, आणि तसंही या पद्धतीचे पॅड बऱ्याच जणांचे मिळतात.

तर झालं असं की मी पथकात सहा वर्षं ताशा वाजवते, तर्री (काड्यांचा सलग भरभर वाजणारा आवाज) चांगली पडते असं लोक म्हणतात, म्हणून जरा रुबाबातच ड्रम सेटच्या क्लासला गेले. सरांनी पहिल्या दिवशी फ्लोअर टॉमवर (सेटमधला जमिनीवर उभा असतो तो मोठा ड्रम) साधे सिंगल स्ट्रोक वाजवायला सांगितले, उजवा डावा उजवा डावा, आणि माझं धाड-टुक-धाड-टुक. डावा जवळजवळ ऐकूच येईना! आता कारण कळतंय. ताशाचं पान इतकं ताणलेलं असतं की काडी आपोआप उडून वर येते, तर्रीत निम्मं काम पानच करून टाकतं. त्यात आजूबाजूला चाळीस ढोल वाजत असताना माझा डावा हात हळू पडतोय हे ऐकायला येणार कोणाला. फ्लोअर टॉमचं पान सैल, स्टिक तिथे परत येतच नाही, मनगटानं उचलून आणावी लागते. तिथे पितळ उघडं पडलं. तबल्याला ही भानगड नाही, तिथे डग्ग्याचं काम वेगळं आणि दायाचं वेगळं. ताशा किंवा स्नेअरवर (सेटमधला कडक, खणखणीत आवाजाचा ड्रम) दोन्ही हातांना सेम टू सेम काम, म्हणून फरक लगेच कानाला खुपतो.

आता पॅडबद्दल. दुकानदार मऊ बाजू दाखवून "बघा मॅडम किती बाउन्स आहे" करत होता आणि खरंच स्टिक चेंडूसारखी उडते, वाजवताना आपण एकदम भारी आहोत असं वाटतं. पण माझ्यासारख्या लोकांना तीच बाजू फसवते, ताशासारखीच. आवाज पण दबका, उजव्या-डाव्यातला फरक त्यात बुडून जातो. कडक बाजू उलटी, टक टक स्पष्ट वाजतं आणि डावा जरा जरी आळशी पडला तरी लगेच कळतं. हे पैसे मी त्या कडक बाजूसाठी दिले असं समजते, मऊ बाजू रात्री दहानंतर.

सरांनी यावर जो व्यायाम दिलाय तो सोपा वाटतो पण डोकं फिरवतो. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टकटक करणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, प्रत्येक ठोक्याला चार स्ट्रोक, एक ठोका पूर्ण उजव्यानं आणि पुढचा पूर्ण डाव्यानं, डोळे मिटून. कुठला हात चाललाय हे नुसत्या आवाजावरून ओळखू आलं की थांबायचं, स्पीड कमी करायचा, परत सुरू. पहिले दोन आठवडे मी ६० च्या वर गेलेच नाही, ५२ वर रखडले होते. मग फोन समोर ठेवून शूट केलं तर काय दिसलं, उजवी स्टिक वर जाते वीतभर आणि डावी त्याच्या निम्मीच, उजवीकडे मनगट हलतंय आणि डावीकडे अख्खा कोपर, करंगळी चहाचा कप धरल्यासारखी वर, आणि अंगठ्याची चिमटी इतकी घट्ट की स्टिकला उडायला जागाच नाही. ताकदीचा प्रश्न नव्हताच हो, पकडच चुकलेली. आणि मी मूर्खासारखी ताकद वाढवायला आधी ॲल्युमिनियमच्या जड स्टिक्स घेऊन बसले होते. त्यानं पकड अजून आवळली गेली, मनगट आठवडाभर दुखलं, त्या स्टिक्स आता माळ्यावर आहेत.

आता मी उजव्याला चार स्ट्रोक वाजवू देते, त्याच्याकडे बघते, आणि डाव्यानं त्याची नक्कल करते. मग पॅराडिडल, उ डा उ उ, डा उ डा डा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीनं १९८४ पासून जी ४० रुडिमेंट्सची (ड्रमच्या मूलभूत बोलांची) यादी ठरवलीये त्यातलंच हे एक, आणि यात सुरुवात करणारा हात आपोआप बदलतो म्हणून डाव्याला लपता येत नाही. शेवटची पाच मिनिटं उशीवर, तिथे बाउन्स शून्य. पॅडवर डबल स्ट्रोक (एकाच हातानं लागोपाठ दोन) छान वाजत होते, उशीवर दुसरा स्ट्रोक गायबच झाला, मग कळलं की तो रबर वाजवत होता, मी नाही.

नेटवर कोणीतरी सांगितलेलं की रोजची सगळी कामं डाव्या हातानं करा. दात घासून बघितले, ठीक. डाव्या हातानं जेवायला बसले तर सासूबाईंनी ताटच ओढून घेतलं. तो प्रयोग तिथेच संपला आणि खरं सांगायचं तर त्याचा स्टिकशी काही संबंध पण वाटला नाही.

बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार मुळात डावखुरा, पण सेट मात्र उजव्या हाताच्या माणसासारखा मांडलेला, आणि त्याच्या फिल (गाण्यात मधेच ठेका सोडून वाजवलेले छोटे तुकडे) वेगळ्या वाटतात त्यामागे हे एक कारण आहे. हे ऐकल्यापासून मी पण आठवड्यातून एक दिवस सगळं डाव्यापासून सुरू करते. रिंगो काय झाले नाही, पण मजा येते.

अजून एक, पॅडला दोष द्यायच्या आधी स्टिक्स तपासा. माझी ५ए मापाची, हिकरी लाकडाची जोडी किचनच्या वजनकाट्यावर ठेवली तर दोघींत चार ग्रॅमचा फरक! हलकी नेमकी डाव्या हातात असायची. दुकानातच काचेच्या काउंटरवर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुगडुगते, आणि दोन्ही टेबलावर आपटून आवाज सारखा येतो का ऐका.

तीन महिन्यांचा हिशोब: एका हातानं सलग एक मिनिट, ठोक्याला चार स्ट्रोक, उजवा ९६ वर होता तो तिथेच आहे, डावा ७० वरून ८६ वर आलाय. सर म्हणाले घाई नको.

आता तक्रारी. पहिला आठवडा रबराचा वास इतका की पॅड गॅलरीत झोपायचा. सायलेंट म्हणून विकतात पण टेबलावर ठेवून वाजवला की लाकडी फळीची धडधड थेट खाली जाते, खालच्या काकू तिसऱ्या दिवशी विचारायला आल्या की मिक्सर बिघडलाय का. खाली जाड टॉवेलची घडी घातली आणि मिटलं, स्नेअर स्टँड असेल तर उत्तम, त्यात बरोबर बसतो. आणि दुसऱ्याच महिन्यात कडक बाजूचं रबर कडेनं सुटलं, दुकानदार म्हणे वॉरंटी फक्त फळीला. फळीला काय होणार आहे? शेवटी चपलेवाल्याकडून सोल्युशन लावून घेतलं, वीस रुपये, अजून टिकलंय.

पाचपैकी चार. गोंद नीट असता तर साडेचार. पथकातल्या मंडळींनो, यावर ताशाच्या काड्या मारू नका, मी मऊ बाजूवर मारल्या आणि चरे पडलेत.