अंगणातली सप्तपर्णी: सोसायची, छाटायची की काढून टाकायची?

कोजागरी उलटली की नाशिकच्या इंदिरानगर, गोविंदनगर, गंगापूर रोड अशा भागांत दिवेलागणीनंतर खिडक्या धडाधड लागतात. थंडी पडलेली नसते, सप्तपर्णी फुललेली असते. आमची सोळा वर्षांची आहे. पहिली दहा वर्षं तिनं नुसती सावली दिली. मग एका ऑक्टोबरात हिरवट-पांढऱ्या फुलांचे गुच्छ धरले आणि वरच्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंचं डोकं रात्रभर ठणकलं. दोन वर्षं आम्ही तो वास सोसला, गेली चार वर्षं झाड छाटतोय. पलीकडच्या गल्लीतल्या स्नेह्यांनी परवानगी काढून त्यांचं झाड पाडलं. त्यामुळे तिन्ही वाटा जवळून पाहिल्या आहेत.

आधी झाड ओळखा. पान तोडल्यावर पांढरा चीक आला आणि फुलं दिवाळीच्या आगेमागे येत असतील तर ती सप्तपर्णी, म्हणजेच सातवीण. चीक नाही आणि घाण वास फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तर बहुधा जंगली बदाम. त्याचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे पुढचे महिने त्याला लागू नाहीत.

सोसायचं म्हटलं तर त्रास दीड-एक महिन्याचा. वास रात्री चढतो, आणि हवा पडलेली असेल तर हलतच नाही. झाड कुंपणाच्या टोकाला असेल, घरात दम्याचं कुणी नसेल, तर रात्री त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या आणि झाडाला हात लावू नका. पण फुलांचा घेर झोपायच्या खोलीच्या खिडकीशी येत असेल तर ‘सवय होईल’ म्हणू नका. आम्हाला दोन वर्षांत झाली नाही.

छाटणीत सगळी गंमत वेळेची आहे. सप्तपर्णीला फुलं फांदीच्या टोकाला येतात. टोकं योग्य वेळी काढली तर त्या वर्षीची बहुतेक फुलं गेली. पहिल्या वर्षी आम्ही घाईनं जूनमध्येच छाटून घेतली. पावसात तरारून नवे फुटवे आले आणि ऑक्टोबरात त्यांच्याच टोकांवर फुलं डवरली. दुसऱ्या वर्षापासून माळीकाका गौरी-गणपतीच्या सुमाराला येतात. “ताई, शेंडा उडवायचा नाही, टोकं तेवढी घेऊ,” हे त्यांचं पहिलं वाक्य. शेंडा उडवलेल्या झाडाला झुबक्यानं फुटवे येतात, त्यांची पकड कच्ची असते, आणि वळवाच्या वाऱ्यात तेच कौलांवर पडतात. काका कोयत्याला आधी गोडं तेल चोळतात, नाहीतर चार फांद्यांत पातं चिकानं चिकटतं. हा चीक कपड्यावरून जात नाही आणि कातडीला झोंबतो, म्हणून हातमोजे हवेतच. वर चढण्याआधी काका खालून फांदी न् फांदी न्याहाळतात. घरटं दिसलं तर ती फांदी तशीच राहते. एवढं करूनही वरची काही फुलं उरतात, पण सासूबाई आता खिडकी उघडी ठेवून झोपतात.

तोडण्याचा मोह मला कळतो, कारण कटकट एकदाची मिटते. पण झाड आपल्या हद्दीत असलं तरी ते परस्पर पाडता येत नाही. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ चा आहे, आणि त्यात ‘तोडणे’ म्हणजे झाड जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणून खोडाला भोक पाडून हिंग किंवा ॲसिड भरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय वाळलेलं झाड उभंच राहतं आणि कधी कोसळेल सांगता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पाडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आहेत. माझ्या झाडाची सोळा! आमच्या अंगणात चार मावायची मुश्कील. लोकही आता जागे आहेत. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले, ते मला मनापासून आवडलं. स्नेह्यांचं झाड गेलं, वास गेला, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत अशी तापली की संध्याकाळी हात लावता येईना. त्यांना तोडणीचा जो दर सांगितला, तो आमच्या छाटणीच्या चौपट होता.

मुळासकट हलवणं माणसाच्या उंचीएवढ्या रोपापर्यंत ठीक, तेही पावसाळ्याच्या तोंडाला. सोळा वर्षांच्या झाडासाठी क्रेन आमच्या गल्लीत वळणारसुद्धा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. खोड भिंतीला खेटून आहे, मुळांनी पाया किंवा ड्रेनेज उचललंय, किंवा घरातल्या कुणाला फुलोऱ्यात खरंच धाप लागते आणि डॉक्टरही झाडाकडे बोट दाखवतात, तर रीतसर अर्ज करून काढा आणि त्या जागी बकुळ लावा. बाकी सगळ्यांनी छाटावं. छाटणीलाही महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात, उद्यान विभागाकडे, आधी अर्ज द्या. झाडाचे आणि खिडकीचे एकाच चौकटीत येतील असे दोन फोटो जोडा. अर्ज आषाढातच टाका, म्हणजे गणपती येईपर्यंत कागद हातात असेल.