कॅम प्रयोगासाठी हॅचरीची फलित अंडी: तारीख विचारूनच घ्या

कॅम (कोरिओअ‍ॅलँटॉइक मेम्ब्रेन) म्हणजे अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या गर्भाभोवतीचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा. त्यावर रक्तवाहिन्यांच्या वाढीचे प्रयोग करणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी सर्वांत स्वस्त जिवंत नमुना म्हणजे शहराबाहेरच्या हॅचरीतली फलित अंडी. दुकानातली अंडी नकोत. ती नराविना घातलेली असतात, कितीही उबवली तरी आत काही धरत नाही.

माल चांगला आहे. कवच टणक, आकार सारखा, त्यामुळे आत पाहण्यासाठी कवचात खिडकी कापताना तडे जात नाहीत. तक्रार एकच, पण मोठी: ट्रेवर अंडी घातल्याची तारीख नसते. आठवड्याहून जुनी अंडी उबवली तर गर्भ दगावण्याचं प्रमाण वाढतं. पावसाळ्यात गार खोलीतली अंडी एकदम उबदार हवेत आणली की कवचाला घाम सुटतो, छिद्रांतून जंतू आत शिरतात. म्हणून ती सावकाश कोमट होऊ द्या आणि धुऊ नका. महामार्गाने दुचाकीवर हादरे खात आलेली अंडी रुंद टोक वर ठेवून रात्रभर स्वस्थ राहू द्यावीत.

मग ३७.५ अंश सेल्सिअस, साधारण ६० टक्के आर्द्रता. तिसऱ्या दिवशी सिरिंजने २-३ मिली पांढरा बलक काढला की आतला पडदा कवचापासून सुटून खाली बसतो. तेव्हाच खिडकी कापून पारदर्शक टेप लावा. कवचाचा चुरा आत पडू देऊ नका. त्याने सूज येते, वाहिन्या तिकडे वळतात आणि तपासत असलेल्या जनुकाचा परिणाम म्हणून नुसती सूजच मोजली जाते.

हॉक्स जनुकांसाठी (इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या जनुकांचा एक गट) या पडद्यासारखी दुसरी सोयीची जागा नाही. हॉक्सडी३ शांत बसलेल्या अंतःस्तर पेशींना (वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी) इंटिग्रिन अल्फा-व्ही-बीटा-३ हे भोवतालच्या जाळ्याला धरणारं प्रथिन आणि युरोकायनेज हे जाळं तोडायला मदत करणारं विकर बनवायला लावतं, म्हणजे पेशी भोवतालचं जाळं पोखरत पुढे सरकतात. ते सतत चालूच राहिलं तर वाहिन्या पक्व होत नाहीत, वेड्यावाकड्या गाठी होतात. हॉक्सडी१० नेमका उलटा: बीएफजीएफ हे वाहिन्यांची वाढ चेतवणारं प्रथिन देऊनही फुटवे रोखतं. हा रोध पाहायचा तर तपासायचा नमुना लावलेली छोटी चकती पडद्यावर आठव्या ते दहाव्या दिवसादरम्यान ठेवा. आधी पडद्याची स्वतःचीच वाढ इतकी जोरात असते की फरक त्यात बुडतो.

मागणी देताना लागतात त्याच्या दीडपट सांगा, आणि तुलनेसाठीच्या कोऱ्या (नमुना न लावलेल्या) चकतीची अंडी त्याच ट्रेमधली वापरा.