निळं प्लास्टिक बघून यूएसबी हब घेऊ नका

मला यूएसबी ३.० चा, म्हणजे २.० पेक्षा कितीतरी वेगवान, हब हवा होता. हब म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी. दुकानदाराने हब स्वतःच्या लॅपटॉपला लावला, विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या वस्तूंची यादी) उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'यूएसबी रूट हब' आणि पुढे '३.०' असं दिसत होतं. "बघा ताई, कॉम्प्युटरच सांगतोय."

ती ओळ त्या हबची नव्हतीच. रूट हब हा लॅपटॉपच्या आतल्या कंट्रोलरचा, म्हणजे यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचा भाग. बाहेरचा हब काढून ठेवा, ती ओळ जागची हलत नाही. दिवसभर हाच माल विकणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून मी याला फसवणूकच म्हणते.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. एका लग्नाचं चित्रीकरण सहज ३०० जीबी भरतं. नव्या हबवरून ते एसएसडीमधून (वेगवान साठवण डिस्कमधून) उतरवायला दोन तासांच्या वर गेले. तीच एसएसडी, तीच केबल थेट लॅपटॉपला लावली तर पंधरा मिनिटांच्या आसपास काम झालं. मग हब उघडला. चारही पोर्टांचं प्लास्टिक निळं, पण लॅपटॉपकडे जाणाऱ्या केबलमध्ये तारा चारच: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. ही यूएसबी २.० ची जोडणी. ३.० ला यावर आणखी पाच संपर्क लागतात, एकूण नऊ. निळा रंग ही फक्त सूचना आहे, सक्ती नाही. प्लास्टिक कोणीही रंगवून घेतं.

कॉम्प्युटर पोर्टावरची वस्तू ओळखतो तरी कशी, हे कळलं की असली बनवाबनवी लगेच पकडता येते. वस्तू लावताच पोर्टाच्या तारांवरची विद्युत स्थिती बदलते. कंट्रोलर ते टिपतो आणि वेग ठरतो तो या तारांवरच. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम वस्तूला एक पत्ता देते आणि तिची माहिती मागते: कंपनीचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, नाव. ही माहिती वस्तूच्या चिपमध्ये लिहिलेली असते आणि सिस्टीम ती तिथूनच वाचते. त्यात कारखान्याने 'यूएसबी ३.० हब' असं लिहून ठेवलं, तर पडद्यावर तेच उमटू शकतं. थोडक्यात, नावात खोटेपणा करता येतो. पण ज्या तारा नाहीतच, त्यांवरून ३.० चा वेग मिळणं शक्य नाही.

खऱ्या ३.० हबची खूण अशी, की तो सिस्टीमला एक नव्हे, दोन हब म्हणून दिसतो. आत २.० चा एक आणि ३.० चा एक असे दोन वेगळे भाग असतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा. हब लावल्यावर बहुधा 'जेनेरिक यूएसबी हब' आणि 'जेनेरिक सुपरस्पीड यूएसबी हब' अशा दोन नव्या ओळी यायला हव्यात; सुपरस्पीड म्हणजे ३.० चा भाग. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' आज्ञेला 'हायफन टी' जोडली की शेजारी वेगच दिसतो: ४८०एम (सेकंदाला ४८० मेगाबिट) म्हणजे २.०, ५०००एम म्हणजे ३.०. माझा हब एकदाच दिसला, ४८०एमवर. अर्थात लॅपटॉपचा पोर्टही ३.० चा हवा, नाहीतर चांगल्या हबवर उगाच आळ येईल.

आणखी एक प्रकार बाजारात आहे: एक पोर्ट खरा ३.०, उरलेले तीन २.० चे. तिथे दोन्ही ओळी दिसू शकतात, म्हणून ३.० ची एसएसडी प्रत्येक पोर्टात लावून वेग बघा. हे सगळं दुकानातच, पैसे देण्याआधी, शक्यतो स्वतःच्या लॅपटॉपवर.

परत गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. बिलावर नुसतं 'हब' लिहिलं होतं. तुम्ही बिलावर 'यूएसबी ३.०, चारही पोर्ट' असं लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मी तिथे तक्रार नोंदवली आहे, सोबत उघडलेल्या केबलचा आणि ४८०एम दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो जोडून.