द घान की स्पिरिट ऑफ क्वीन्सलँड?

पाठीवर सॅक, चार-पाच जणांचा कंपू आणि ऑस्ट्रेलियात एकच लांबचा रेल्वेप्रवास करायचा, तर पहिलं नाव निघतं ‘द घान’चं. ॲडलेड ते डार्विन, २९७९ किलोमीटर, वाटेत ॲलिस स्प्रिंग्जची लाल माती. गाडी देखणीच, पण २०१६ मध्ये तिची स्वस्तातली बसून जायची सोय बंद झाली. आता केबिन, जेवण, सहली सगळं एकाच भारी तिकिटात. आईबाबांना निवृत्तीनंतर पाठवावं अशी ही गाडी.

सॅकवाल्यांचं ‘स्पिरिट ऑफ क्वीन्सलँड’वर भागतं. ब्रिस्बेन ते केर्न्स, १६८१ किलोमीटर, साधारण एक दिवस-रात्र. मागे कलणारी खुर्ची पुरते. पाठ धरत असेल तर सपाट होणारा रेलबेड घ्या, तो अर्थात महाग. समुद्र सतत दिसेल अशी आशा मात्र नको. उत्तरेकडे उसाचे मळेच मळे (कोल्हापूरकरांना घरचंच वाटेल). खरी मजा मधे उतरण्यात आहे. प्रोसरपाइनहून एअर्ली बीच, टाउन्सव्हिलहून मॅग्नेटिक आयलंड. त्यामुळे थेट केर्न्सचं तिकीट काढण्याआधी कंपूत कुणाला कुठे उतरायचंय, ते भांडून ठरवा. आणि स्वेटर सॅकच्या तळाशी कोंबू नका, रात्री एसी गारठवतो.